विनीत अश्व आणि अविनीत स्वार

संयम हा शब्द आपल्या संप्रदायात जितका उच्चारला जातो तितका समजून घेतला जातो, असे आम्हांस वाटत नाही. इंद्रिये मारावी, मन कोंडावे, देह वाळवावा, म्हणजे झाला संयम, अशी पुष्कळ भोळ्या भाविकांची समजूत असते. उलट शिकलीसवरली मंडळी म्हणतात की, कोणत्याही जीवाला आवरणे हाच मुळी जुलूम. ज्याची जशी प्रकृती तसे त्याला जाऊ द्यावे. दोन्ही पक्ष मोठ्या तावातावाने बोलतात, आणि दोघांनीही आयुष्यात एखादे जनावर हाती धरून शिकविलेले नसते! म्हणून या खेपेस हा विचार आम्ही पोथीच्या पानावरून न करता घोड्याच्या पाठीवरून करणार आहोत. बुवांना उतारवयात हा कसला नाद लागला, असे कोणी म्हणू नये. माउलींच्या सोहळ्यात रथापुढे मानाने चालतो तो घोडाच, आणि रिंगणात त्याच्या टापांखालची माती कपाळी लावायला आपण धावतो. ज्याच्या पायाची माती आपण घेतो, त्याच्या तोंडातल्या लोखंडाचाही विचार आपण केला पाहिजे.

या विचाराला निमित्त बार्शीटाकळीचे झाले. हे गाव अकोल्याजवळचे. कालंका देवीच्या जुन्या दगडी मंदिराचे. कार्तिकात तिकडे आमची कीर्तनसेवा होती. शेतात कापसाची वेचणी चाललेली, तूर फुलावर आलेली, हरभरा नुकता वर दिसू लागलेला. कीर्तन आटोपल्यावर दिंडीची काही तरुण मंडळी पुढे बसली आणि म्हणाली की, आपल्याही दिंडीपुढे घोडा असावा. शेगावच्या श्रीगजानन महाराजांच्या पालखीबरोबर अश्व असतात, ती पालखी अकोल्यावरून पातुराकडे जाताना आम्ही दरसाल पाहतो. मग आपलीच दिंडी सुनी का? त्यांच्यातल्या एकाने तीन वर्षांचे एक घोडे घेतलेही होते. हिवाळाभर त्याला फेरून तयार करू आणि आषाढीला नेऊ, असा बेत. सगळे खुशीत होते. एवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्या माळकरी बाईने विचारले, “महाराज, मुक्या जनावराच्या तोंडात लोखंड घालून कोन्ता धरम होते जी?”

पोरे हसली. आम्हांस मात्र हसू आले नाही. कारण हा प्रश्न त्या एका घोड्याचा नाही. शिकविणारा आणि शिकणारा, आवरणारा आणि आवरला जाणारा असा संबंध जेथे जेथे आहे, तेथे तेथे तो उभा राहतो. बाप आणि लेकरू, गुरू आणि शिष्य, आणि आपल्याच आत बुद्धी आणि मन. म्हणून त्याचे उत्तर देण्याआधी, घोडा शिकवितात म्हणजे काय करतात, हे नीट पाहिले पाहिजे.

घोडा फेरण्याचे काम हिवाळ्यातच का, हे वऱ्हाडात कोणालाही सांगावे लागू नये. पावसाळ्यात आमची काळी माती माणसाचा जोडा ठेवून घेते, मग टापेची काय कथा! आणि चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे धावतो, रानाला अशा भेगा पडतात की जनावराचा पाय आत जाऊन मोडावा. राहता राहिले कार्तिक ते माघ हे महिने. मराठ्यांचे घोडदळही दसऱ्याला सीमोल्लंघन करून बाहेर पडे आणि पावसाच्या तोंडावर छावणीला परत येई, ते याच हिशेबाने. तेव्हा पागेत घोडे फेरणारा जाणता माणूस असे, त्याला चाबुकस्वार म्हणत. नाव चाबकाचे; पण चांगल्या चाबुकस्वाराची कीर्ती ज्याचा चाबूक सहसा उठत नाही अशी असायची.

प्रथम महिनाभर पाठीवर काही ठेवायचे नसते. नुसते हाती धरून चालवायचे. पाय उचलून द्यायला शिकवायचे, म्हणजे पुढे नालबंदाला त्रास नाही आणि घोड्याला भीती नाही. मग लांब दोरीवर गोल फेर. थोडा उजवीकडून, थोडा डावीकडून, नाही तर ते एकाच अंगाने वळणारे होते. आधी चाल, मग दुडकी. भरधाव तर अगदी शेवटी. मग पाठीवर नुसती घोंगडी, मग खोगीर, मग खोगिराचा तंग हळूहळू आवळायचा. त्याच्याही पुढे हलक्या अंगाचा, पक्क्या मांडीचा पोर. तीन वर्षांच्या घोड्याची हाडे अजून भरत असतात. कण्याची तर सर्वांत उशिरा भरतात. तेव्हा पहिल्या हिवाळ्यात बसायचे ते थोडा वेळ, आणि तेही घोड्याने शिकावे म्हणून. आपण मिरवावे म्हणून बसायचे नसते.

आता त्या लोखंडाविषयी. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि मागच्या दाढांच्या मधे हिरडीचा एक रिकामा पट्टा असतो. लगामाचे लोखंड नेमके तेथे बसते. तेथे ना दात, ना जाड कातडी. मऊ हिरडी आणि खाली हाड. स्वाराने बोटभर ओढले तरी त्याला ते कळते. म्हणून अडाणी स्वार समजतो की, घोडा ओढण्याने शिकतो. खरा प्रकार उलट आहे. लगाम किंचित घेतला, घोड्याने मान दिली, आणि तत्क्षणी हात सैल झाला, तर त्या सैल होण्यात घोड्याला कळते की, आपण केले ते बरोबर. हात सैल झालाच नाही, तर बिचाऱ्याला कळावे कसे? त्याने ऐकले तरी दुखते आणि नाही ऐकले तरी दुखते. मग ते तोंड कठीण करते, मान ताठ करते, आणि आपण म्हणतो घोडे अडेल आहे! त्या बाईच्या प्रश्नाला घोडेवाल्या पोराने तेथल्या तेथे उत्तर दिले होते, “लोखंड शिकवत नाही आजी, हात शिकवते.” पोरगे शाळेत फार गेले नव्हते; पण बोलले ते आम्हांस शास्त्राच्या जवळचे वाटले.

आमचे लहानपण पाठशाळेत अमरकोश घोकण्यात गेले. त्यातल्या क्षत्रियवर्गात घोड्यांची नावे येतात, आस्कंदित, धौरितक, रेचित, वल्गित, प्लुत अशा त्यांच्या पाच गती येतात. तेथेच, जो घोडा उत्तम रीतीने वाहून नेतो त्याला ‘विनीत’ म्हटले आहे. तेव्हा आम्ही अर्थाकडे न पाहता पाठ करीत होतो. पुढे कळले की, विद्येने जो येतो तो विनय, शिष्यापाशी जो असावा तो विनय, आणि घोड्याला जे शिकवितात तोही विनयच. ‘नी’ म्हणजे नेणे. विशेष रीतीने नेणे तो विनय. आमच्या पूर्वजांनी मोडणे या अर्थाचा शब्द येथे घेतला नाही. इंग्रजीत घोडा ‘ब्रेक’ करतात असे म्हणतात, म्हणजे मोडतात. शब्द हा काही किरकोळ नसतो. शब्दामागून हात जातो.

कठोपनिषदात देहाला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे. हा दृष्टांत आम्ही कीर्तनात शेकडो वेळा सांगितला असेल, तुम्हीही ऐकला असेल. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कानाआड जाते. उपनिषदाने घोडे मारायला सांगितलेले नाही, सोडून द्यायलाही सांगितलेले नाही. घोडे मेले तर रथ परमपदाला जाणार कशाने? चांगले घोडे आणि वाईट घोडे असा भेद तेथे केला आहे, आणि तो भेद घोड्यांच्या जातीवर ठेवलेला नाही. सारथी जागा आहे की झोपलेला, यावर ठेवलेला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन जेव्हा मन वाऱ्यासारखे नावरे म्हणतो, तेव्हा भगवंत त्याला अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय सांगतात. घोडेवाल्याच्या भाषेत सांगायचे, तर रोज नेमाने लगाम हाती घेणे हा अभ्यास, आणि वेळेवर तो सैल सोडता येणे हे वैराग्य. पंडितांनी या अर्थावर रागावू नये. आम्ही तो कीर्तनापुरता करतो. पण जे साधक एकादशीला स्वतःवर आणि घरच्या लेकीसुनांवर सारखाच करकचून लगाम ओढतात आणि द्वादशीलाही तो सोडत नाहीत, त्यांनी तो अर्थ जरूर मनात घ्यावा.

हात सैल हवा हे म्हटले. पण नुसती माया म्हणजे दया नव्हे, हेही घोड्यानेच आम्हांला दाखविले. हिवाळ्यात वऱ्हाडात हरभरा येतो. घोड्याच्या चंदीत हरभरा जुन्या काळापासून आहे. घरची मंडळी लाडाने ओंजळीवर ओंजळ घालतात. परंतु घोड्याच्या शरीराची घडण अशी की, त्याला ओकता येत नाही. अति दाणा पोटात गेला तर तो बाहेर टाकण्याची वाट नाही. पोटशूळ उठतो, खूर धरतात, आणि पुष्कळदा जीव जातो. तसेच घाम आलेल्या घोड्याला थंड वाऱ्यात उभे केले, तर तीही मायाच, पण अज्ञानाची. फेरून आणल्यावर त्याला हळूहळू चालवून निववावे, गवताच्या चुंभळीने अंग कोरडे करावे, खरारा करावा, झूल घालावी, मग पाणी, मग वैरण, आणि दाणा सर्वांत शेवटी, मापाने. शिकविण्याचा अर्धा तास असतो आणि सांभाळण्याचे साडेतेवीस. पाठीवर बसलेला तेवढा लोकांना दिसतो.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. घोडा मोकळा सोडावा, त्याला शिकवूच नये, असे म्हणणाऱ्यांची दया खोटी नाही. परंतु आज घोड्याला मोकळे रान राहिले कोठे? त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. नाकासमोरचे अगदी जवळचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. मागून मोटार आली, कागद उडाला, ताशा वाजला की ते बुजते. न शिकलेले घोडे सडकेवर मोकळे नसते, ते भयाच्या दोरीने बांधलेले असते. शिकविणे म्हणजे त्या भयातून त्याला एकेक पाऊल सोडविणे. आमच्या मते अशा शिकविण्यात पाप नाही.

पण म्हणून शिकविणाऱ्याला वाटेल ते करण्याचा परवाना मिळत नाही. कशासाठी शिकविता, हा प्रश्न उरतोच. लग्नाच्या वरातीत घोडे नाचविण्याची हौस सर्वत्र वाढली आहे. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेथेही नाचणाऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते. जो घोडा मायेने शिकला आहे त्याने ताल धरला तर आमची तक्रार नाही. परंतु लगामाला काटे लावून, तोंड रक्ताळेपर्यंत मान वर बांधून, पायात दोऱ्या अडकवून जो नाच करवितात, तो नाच नव्हे, ते दुखण्याचे उडणे आहे. काटेरी लगाम कायद्याने मना आहे. 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली 1965 मध्ये नियम झाले, त्यांत तो मोडतो. तरी तो विकला जातो, कारण घेणारे आहेत. ग्रीक देशात सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाचा एक सेनानी होऊन गेला. घोड्याच्या विद्येवर त्याचा ग्रंथ आहे. त्यात त्याने म्हटले आहे की, जबरीने करविलेले काम घोडा समजून करीत नाही. नर्तकाला चाबूक मारून नाचविले तर त्यात जसे सौंदर्य नसते तसेच याचे. दूरच्या देशातला, वेगळ्या देवांचा माणूस. पण आमच्या ‘विनीत’ शब्दापाशीच तो येऊन पोचला!

घोडा कोणाचा, हेही पाहिले पाहिजे. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, आणि ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकापूर्वी चिपळुणाकडच्या छावणीतील अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि वैरण आताच उधळून टाकाल, पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, तर ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. आणि कुणब्याच्या घरच्या काडीलाही हात लावू नका, अशी ताकीद आहे. शस्त्राने मारले नाही, नुसते हिशेबाने वागला नाहीत, तरी मारणारे तुम्हीच! हिंसेची इतकी सूक्ष्म व्याख्या आम्ही कित्येक धर्मग्रंथांवरील टीकांतही पाहिली नाही. हा देह आपल्याला मिळाला आहे तोही पागेतलाच. आपण सगळे बारगीर. शिलेदार असल्याच्या तोऱ्यात वागतो एवढेच.

रिंगणाकडे या दृष्टीने पाहावे. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले, तेव्हापासून अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व येतात. अंकली बेळगाव जिल्ह्यात; तेथून आळंदीपर्यंत सुमारे तीनशे किलोमीटर ते पायी येतात, आणि मग पंढरपूरची वाट. रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याचे खोगीर रिकामे, कारण तेथे माउली आहेत अशी आपली श्रद्धा. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण पाहा, नाही तर पुरंदावड्याला गोल. लाखो माणसांच्या मधून तो घोडा कोणी हाकल्याशिवाय धावतो. आम्ही तो पुष्कळदा पाहिला आहे, आणि दर वेळी डोळे भरून आले आहेत. त्या रिकाम्या खोगिराकडे पाहून आम्हांस वाटते की, विनयाचा शेवट हाच असावा. ज्याला शिकविले त्याच्यावरून शिकविणारा उतरून जावा आणि तरी पाऊल चुकू नये. हे एका दिवसात होत नाही. त्यामागे कोणाचे तरी हिवाळे गेलेले असतात.

आणि त्या रिंगणानंतर आपण काय करतो? हजार हात त्या घोड्याच्या अंगाला लावतो. मागून, पुढून, जेथून त्याला दिसत नाही तेथून. केस ओढणारेही आम्ही पाहिले आहेत. 2018 सालच्या वारीत पुण्यात माउलींच्या सोहळ्यातील हिरा नावाच्या अश्वाने देह ठेवला. त्या दिवशी वारकऱ्यांच्या तोंडात घास गेला नाही. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आयुष्य ज्याचे त्याचे असते. पण त्या दुःखातून दर्शन घेण्याची आपली रीत काही बदलली का, एवढे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

द्रोणपर्वातील एक प्रसंग कीर्तनकार मंडळी फारशी सांगत नाहीत. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणात अर्जुनाचे घोडे थकले, बाणांनी विंधले गेले. अर्जुनाने बाणाने भूमी भेदून तेथे सरोवर निर्माण केले. मग भगवंतांनी घोडे सोडले, स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगातले शल्य काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले, लोळू दिले, चारा दिला, आणि ते ताजेतवाने झाल्यावरच पुन्हा जुंपले. सूर्य मावळतीकडे चाललेला, प्रतिज्ञा पुरी व्हायची. अशा वेळी आमचा पांडुरंग मोतद्दार झाला! ज्याच्या हाती लगाम होता, त्याच्याच हाती खरारा होता. त्या म्हाताऱ्या बाईला आम्ही हीच कथा सांगितली. तिने ऐकली, मान हलविली, आणि म्हणाली, “मंग असा हात असंन तर घाला जी लोखंड.”

बार्शीटाकळीच्या मंडळींना आम्ही काय सांगितले, ते येथे लिहितो. कारण अशीच हौस इतर गावीही आहे असे कळते. या आषाढीला तो घोडा नेऊ नये. तीन वर्षांचे जनावर, एका हिवाळ्याची शिकवण, आणि तिथून पंढरपूर शेकडो किलोमीटर, तेही डांबरी सडकेने, जेथे नाल घसरतो आणि उन्हाने वाट तापते. पोरांचे चेहरे उतरले. एकाने बोलूनही दाखविले की, महाराज, घोडा नाही तर लोक पाहणार काय? आम्ही म्हटले, वीणा आहे, पताका आहे, तुळस आहे, आजवर तेच पाहत आले. या हिवाळ्यात त्याला दोरीवर फेरावे, टाळ-मृदंगाच्या जवळ आणून उभे करावे, पहिल्यांदा एक टाळ, मग चार, मग भजनाचा फड. पाठीवर पोराशिवाय कोणी बसू नये. अकोल्याला जनावरांच्या डॉक्टरांचे मोठे विद्यालय आहे, तेथे एकदा दाखवून आणावे. पुढच्या हिवाळ्यात गावातल्या गावात दर एकादशीला प्रदक्षिणेला न्यावे. मग पाहू. आणि खर्चाची वर्गणी काढाल तेव्हा झुलीच्या जरीआधी वैरणीचा आकडा लिहावा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या वऱ्हाडात बैलाचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात. वर्षभर जू ज्या खांद्यावर ठेवले त्याच खांद्यावर हात फिरवितात. घोड्यासाठी अशी तिथी कोणी नेमलेली नाही. त्या पोराने आमच्यादेखत लगाम काढला, घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्यात बोट घालून कुठे सोलले आहे का ते पाहिले, लोखंड धुतले, आणि थंडीचे ते त्याच्या तोंडात गार लागू नये म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी घालण्याआधी आपल्या तळव्यांत धरून ऊन केले.